चिंचेखालची जागा

माझा आवाज मोठा आहे. फुशारकी मारत नाही. टेंभपाड्यात कुणालाही विचारा. मी प्रार्थनाघरात उपदेशाला उभा राहिलो की नाल्यापलीकडची गुरं माना वर करतात, असं लोक म्हणायचे. मिशनचे साहेब एकदा हसत म्हणाले होते, "नारसिंग मास्तर, तुमच्या मंडळीला घंटा विकत घ्यायची गरज नाही." ते वाक्य मी जपून ठेवलं. बायको गेल्यावर, मूलबाळ नसलेल्या घरात एकट्यापुरती भाकरी थापताना मी ते पुष्कळदा आठवत असे. माणूस कशाच्या आधारानं दिवस काढील, सांगता येत नाही.

टेंभपाडा म्हणजे नवापूरपासून सात मैलांवर डोंगरातला पाडा. चाळीसेक घरं, त्यांतली सतरा ख्रिस्ती. मी तिथला उपदेशक आणि शाळेचा मास्तरही मीच. साहेब तीन महिन्यांतून एकदा यायचे. एरवी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकरीचा तुकडा आणि रसाचा घोट, द्यायची मुभा त्यांनी मला दिली होती. आणि एक वही दिली होती, निळ्या कापडाच्या पाठीची. मंडळीचे नियम साहेब सांगत गेले तसे मी माझ्या अक्षरात तीत उतरवून घेतले होते. दारू पिऊ नये, गाळू नये. मोहाची फुलं घरात साठवू नयेत, कारण जिथे मोह तिथे आज ना उद्या भट्टी. वाघदेवाला कोंबडं देऊ नये. रविवारी नांगर धरू नये. असे एकवीस नियम, आणि ते मला तोंडपाठ होते. खरं सांगायचं तर शुभवर्तमानापेक्षा मला ते सोपे वाटत. आपला देवावर विश्वास आहे की नाही, याचं उत्तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक येतं. नियम पाळला की मोडला, हे लगेच कळतं.

सुसाना माझी थोरली बहीण. तिचं नाव बाप्तिस्म्याच्या वेळी साहेबांनी ठेवलं आणि तिला ते आवडलं. माझं नारसिंग हे नाव मात्र तिनं कधी मानलं नाही. तिच्यासाठी मी शेवटपर्यंत रेंग्याच राहिलो. घरात आम्ही आमची डोंगरातली मावची बोलतो. ती इथे लिहिली तर वाचणाऱ्याच्या डोक्यावरून जाईल, म्हणून सुसानाचं बोलणं मी मराठीत उतरवतो आहे. त्यात तिची धार जरा बोथट होते, त्याला इलाज नाही.

संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सालच्या दुष्काळात आमचे आईबाप एका महिन्यात गेले. मी चार वर्षांचा, ती बाराची. त्या साली रानात गवताची काडी नव्हती, पण मोह फुलला. मोहाला पावसाचं काही पडलेलं नसतं. पहाटे फुलं टपटप गळायची आणि सुसाना मला पाठीवर बांधून ती वेचायची, गुरं आणि अस्वलं यायच्या आत. चिंचोके आणि मोहाची फुलं एकत्र शिजवून ती मला भरवायची. आमच्या पाड्यातली अकरा पोरं त्या वर्षी मेली. मी मेलो नाही. पुढे मी दहा वर्षांचा झाल्यावर तिनं कुठूनसं ऐकलं की मिशनच्या बोर्डिंगात दोन वेळ जेवायला देतात. तिनं मला चालवत तिथे नेलं, दारात उभं केलं आणि मागे वळून न बघता परत गेली. मी तिथे वाचायला शिकलो, ख्रिस्ती झालो, आणि उपदेशक होऊन परत आलो तेव्हा पाड्यात पहिला बाप्तिस्मा तिनंच घेतला.

तिची प्रार्थना ऐकून मला लाज वाटायची. बाकीच्यांना मी शिकवलेली प्रार्थना सुरेख म्हणता येई. ही डोळे मिटून म्हणे, "देवा, तू आहेस. मी आहे. रेंग्या आहे. बरं आहे." संपली प्रार्थना. मी तिला कितीदा सांगितलं, बाय, पापांची क्षमा माग, राज्य येवो म्हण. ती म्हणे, "ते तू म्हणतोस ना? मग मी वेगळं कशाला म्हणू?"

आता मडक्याची गोष्ट. एकोणीसशे पस्तीस साली, होळी उलटल्यावर, मंडळीचा पंच नवलसिंग माझ्याकडे आला. त्याची बायको सुसानाकडे मीठ मागायला गेली होती. तिथे कोपऱ्यात शेणामातीनं तोंड लिंपलेलं मडकं तिनं पाहिलं आणि वासावरून ओळखलं. नवलसिंग वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या थोरल्या भावाचं घर दारूनं बुडालेलं, त्यामुळे मोहाचं नाव निघालं की त्याचा जीव खालीवर व्हायचा. तो म्हणाला, "मास्तर, दुसऱ्या कुणाचं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

हे वाक्य मला झोंबलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं पाड्यानं माझ्याविषयी म्हणावं, हे मला सोसण्यासारखं नव्हतं. आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. लपवाछपवी करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं स्वतः मडक्याचं लिंपण फोडलं, मूठभर सुकी फुलं काढली आणि आमच्यापुढे धरली. "खा. गेल्या सालची आहेत, तरी गोड आहेत."

"बाय, हे कशाला ठेवलंस?"

"पुन्हा दुष्काळ आला तर?"

"सरकारनं आता दुष्काळाची कामं काढलीत. रेल्वे आहे. धान्य येतं."

"येऊ दे की. हे असू दे."

तिच्या घरात थेंबभर दारू कधी गाळली गेली नाही, हे मला माहीत होतं, नवलसिंगलाही माहीत होतं. पण नियमात दारूचा नियम वेगळा होता आणि फुलांचा वेगळा. मी तिला समजावलं की मडकं ओतून टाक आणि रविवारी मंडळीपुढे 'मी पाप केलं' एवढं म्हण, विषय मिटला. ती म्हणाली, "मडकं आत्ता ओतते. पण पाप म्हणणार नाही." आणि तिनं खरंच ओतलं. शेळ्यांनी दोन घटकांत फस्त केलं.

रविवारी ती उभी राहिली. मी विचारलं, "सुसाना, तू मोहाची फुलं साठवलीस, हे पाप होतं हे कबूल आहे?" वाटलं होतं, इतक्या लोकांत तरी ऐकेल. तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि सांगायला लागली, जसं घरात बसून सांगावं तसं. छप्पनच्या साली हा मास्तर एवढासा होता. अंगावर चिंधी नाही, नाकाला शेंबूड. पोट मोहानं तट्ट फुगलेलं. फुलं संपली की मातीत लोळून रडायचा, मोह दे, मोह दे. एकदा झाडाखालीच बसून कच्ची फुलं इतकी खाल्ली, की दिवसभर झिंगून बडबडत होता. "मोहाला पाप म्हणू, तर याला काय म्हणू?" असं म्हणून तिनं माझ्याकडे बोट केलं.

सगळं प्रार्थनाघर हसलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पुढच्या चटईवर बसलेली माझ्या शाळेतली पोरं हसली, नवलसिंगसुद्धा हसला. मी पांढरा सदरा घालून, हातात शास्त्राचं पुस्तक घेऊन उभा होतो. माझं डोकं फिरलं. माझा आवाज मोठा आहे हे वर सांगितलंच आहे. मी ओरडलो, "बाहेर! बाहेर जाऊन बस! कबूल करशील तोवर या दारात पाय ठेवायचा नाही!"

हसणं थांबलं. सुसानानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, जसं लहानपणी मला ताप आला की पाहायची. मग ती उठली, बाहेर गेली आणि अंगणापलीकडच्या चिंचेखाली जाऊन बसली. मी वहीत तिच्या नावावर रेघ मारली.

त्यानंतर सहा वर्षं ती दर रविवारी आली. एकही रविवार चुकवला नाही. पावसाळ्यात डोक्यावर पानांचं इरलं, थंडीत गोधडी. उपासना संपून लोक बाहेर पडायच्या आत ती उठून गेलेली असायची. तिची बसायची जागा गुळगुळीत झाली होती, तिथे गवत उगवत नसे. मला वाटायचं, ठीक आहे. आत बसली काय, बाहेर बसली काय, वचन तर ऐकतेच आहे. माझा आवाज नाल्यापलीकडे जातो, चिंच तर अंगणाला लागूनच आहे. उलट मी काही वेळा मुद्दाम जोरात बोलायचो. हट्टी मनाविषयी उपदेश करायचा असला, की चढ्या आवाजात करायचो, तिच्या कानी पडावा म्हणून. रानात देवानं आकाशातून मान्ना पाडला आणि लोकांनी तो पहाटे वेचून खाल्ला, हा धडा तर मी दर वर्षी शिकवला. शिकवताना मला एकदाही मोह आठवला नाही.

आणखी एक केलं. अशा माणसाबरोबर जेवूही नये, असं पौलाच्या पत्रात आहे. ते वाचून मी तिच्या घरी जेवणं बंद केलं. बायको गेल्यापासून दर रविवारी दुपारी मी तिच्याकडेच जेवत असे. उडदाची दाळ, भाकरी, वर लाल मिरचीची चटणी. तिनं चार रविवार भाकरी फडक्यात बांधून सुनेबरोबर पाठवली. मी चारही वेळा परत धाडली. पाचव्या रविवारी आली नाही. तेव्हापासून माझ्या घरात रविवार हा सगळ्यांत लांबलेला दिवस झाला. देवाचा दिवस म्हणून मी तो सकाळभर गाजवायचो आणि दुपारनंतर भिंतीकडे बघत बसायचो. मला तिची फार आठवण यायची. ती दोनशे पावलांवर राहत होती.

एक्केचाळीस सालच्या चैत्रात तिची सून हिरीबाई माझ्या दारात आली. तिचा नवरा भिला लाकूडतोडीच्या कामावर दूर रानात गेलेला. "मामा, सासूबाईंना दम लागतो. पाय सुजलेत. तुम्हांला बोलावलंय."

मी गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्यातून आत गेलो. सुसाना बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, कारण आडवं झालं की श्वास कोंडत होता. इतकी लहान दिसली की मला ओळखू येईना. म्हणाली, "रेंग्या, मला ते दे."

"काय?"

"आत देतोस ते. तुकडा आणि घोट."

मी तिच्याजवळ बसलो आणि पाया पडल्यासारखा बोलू लागलो. "बाय, एक वाक्य म्हण. फक्त म्हण, मोहाची चूक झाली. मी नवलसिंगला बोलावतो, दोन माणसांपुढे म्हटलंस तरी चालेल. मग आत्ता देतो."

"चुकले तर पुष्कळ," ती दम खात म्हणाली. "भिलाच्या बापाला एकदा लाकडानं मारलं. शेजारणीची कोंबडी आपली म्हणून ठेवून घेतली. हे सगळं देवाला सांगितलंय. मोहाचं नाही म्हणणार."

"का पण? इतका कसला हट्ट?"

"तू जगलास ते पाप होतं, असं मी माझ्या तोंडानं म्हणू?"

मी उठलो. घरी येऊन वही काढली. एखादी पळवाट मिळेल, मरणाच्या दारातल्या माणसासाठी काही सूट असेल, म्हणून पहिल्यापासून वाचत गेलो. सूट नव्हती. पण चौदाव्या नियमावर माझं बोट थांबलं. 'नियम मोडणाऱ्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. त्यास परत घेणे साहेबांच्या सहीने व्हावे. उपासनेस मात्र येऊ द्यावे व आत बसू द्यावे, म्हणजे वचन ऐकून त्याचे मन वळेल.' अक्षर माझंच होतं. एकवीस नियम तोंडपाठ होते असं मी वर म्हटलं. हा नव्हता, किंवा मला तो नको होता. सहा वर्षं जो नियम मी तिच्याकडून पाळून घेतला, तो वहीत कुठेच नव्हता. तो माझ्या रागानं केलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवापूरला चालत गेलो. साहेब उन्हाळ्यात थंड हवेच्या गावी जातात. त्यांना पत्र टाकलं, सगळं लिहिलं, परत घ्यायची परवानगी मागितली. मग भंवरलालच्या दुकानात गेलो. पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, जवळ आला होता आणि भोजनाच्या प्याल्यासाठी मी मनुका उकळून रस करत असे. द्राक्षाचा रस आमच्या डोंगरात कुठला? भंवरलाल मारवाडी, पण जन्म नवापुरात गेलेला, बोलणं अहिराणी. त्याच्या दुकानात त्या दिवसांत पाड्यापाड्यांवरून सुका मोह विकायला यायचा. मनुकांचं पोतं आणि मोहाचं पोतं शेजारी शेजारी उघडं होतं.

"ल्या मास्तर, नीट दखा," तो हसत म्हणाला. "दोन्ही सारखाच दिसतस. तुमना देवले वळखता येस ना?"

एरवी मी त्याला शास्त्रातले चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसता पुडा घेतला. त्याच्या लक्षात आलं असावं. "तुमनी बहीण कशी शे? मागला साल मिरच्या विकाले लई येल व्हती. मन्हा भाऊ मास्तर शे, मन्हा भाऊ मास्तर शे, करी ऱ्हायनी व्हती."

मी म्हणालो, बरी आहे.

परत येताना तिच्याकडे गेलो आणि सांगून टाकलं. "बाय, तुला आत बसायला मनाई नव्हती. नुसतं भोजन बंद होतं. नियमात तसंच आहे. माझी चूक झाली."

मला वाटलं, आता बोलेल, सहा वर्षांचं बोलेल, आणि ते मला हवंही होतं. ती म्हणाली, "तू बाहेर म्हणालास ना."

"रागात म्हणालो."

"मला काय माहीत, कुठलं रागातलं आणि कुठलं देवाचं? तू पुस्तक हातात धरून म्हणालास."

नऊ दिवसांनी साहेबांचं उत्तर आलं. अक्षर प्रेमळ होतं, साहेब प्रेमळच होते. त्यांनी लिहिलं होतं की नियम एकट्या माणसानं वाकवायचा नसतो, त्यातून स्वतःच्या बहिणीसाठी तर नाहीच. जूनमध्ये मी येईन, पंच बसतील, सगळं रीतीनं होईल. तोवर तिनं प्रभूवर भरवसा ठेवावा. मी ते पत्र तिला वाचून दाखवलं.

"जून म्हणजे कधी?"

"मृग निघाला की."

तिनं बोटांवर मोजलं. चैत्र अजून सरला नव्हता. "मग थांबते," ती म्हणाली. आणि हिरीबाईकडे वळून, "पेज दे गं मला. जास्त दे."

त्या दिवसापासून ती खायला लागली. गिळवत नव्हतं, तरी वाटीभर पेज घोट घोट करून संपवायची, औषध घ्यावं तशी. नियम मोडणारी म्हणून जिच्या नावावर मी रेघ मारली होती, ती साहेबांच्या तारखेपर्यंत जिवंत राहायचा प्रयत्न करत होती. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो आणि रोज तिला दिसायचं की मी मोकळ्या हातानं आलो आहे.

पुनरुत्थानाच्या रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. चिंचेखाली कुणी नव्हतं. मी उपदेश केला, भाकरी मोडली, प्याला फिरवला. सगळ्यांचं झाल्यावर प्याल्यात एक घोट उरला. उरलेलं टाकाऊ जागी फेकायचं नाही, घरी न्यायचं नाही, स्वच्छ मातीत ओतायचं, हाही नियमच. लोक गेल्यावर मी प्याला घेऊन अंगणात उभा राहिलो. एक घोट होता. एक तुकडाही होता, ताटलीत. सुसानाचं घर तिथून दिसत होतं, छपरातून धूर निघत होता. पाड्यातले लोक जेवायला आपापल्या घरी गेले होते, मला कुणी पाहत नव्हतं. दोनशे पावलं. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. माझ्या मनात देव नव्हता, हे मी आज कबूल करतो. मनात साहेबांचं पत्र होतं, नवलसिंगचं ते वाक्य होतं, आणि सहा वर्षांपूर्वीचं ते हसणं होतं. मी चिंचेपर्यंत गेलो आणि तो घोट तिच्या गुळगुळीत जागेवर ओतला. तुकडा पाखरांना टाकला. मातीनं घोट लगेच पिऊन टाकला.

मंगळवारी सकाळी सुसाना गेली. मी पोचलो तेव्हा हिरीबाई तिचे डोळे मिटत होती. तिनं सांगितलं, पहाटे सासूबाईंनी विचारलं, मृग निघाला का? मी म्हटलं, नाही, अजून मोह पडतोय. तर म्हणाल्या, बरं. मग त्यांची ती नेहमीची प्रार्थना म्हणाल्या. देवा, तू आहेस. मी आहे. रेंग्या आहे.

"आणि बरं आहे?" मी विचारलं.

"तेवढा दम नव्हता, मामा."

रेघ मारलेल्याला मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही. आम्ही तिला तिच्याच शेताच्या बांधाला पुरलं. खड्डा खणायला नवलसिंग न बोलावता आला आणि त्यानं मला कुदळ हातात घेऊ दिली नाही. खणता खणता तो रडत होता. मी रडलो नाही. मी मोठ्या आवाजात शास्त्र वाचलं.

पुढच्या रविवारी मी नवलसिंगला सांगितलं की आज वचन तू वाच, उपदेशही तूच दे. त्याचा आवाजही काही लहान नव्हे. रानात गुरं हाकलणारा माणूस. लोक आत गेले. मी आत गेलो नाही. चिंचेखाली गेलो आणि तिच्या जागेवर बसलो. मला एवढंच पाहायचं होतं, की सहा वर्षं ती कुठे होती.

आत गीत सुरू झालं, ते ऐकू आलं. चाल आली, शब्द नाही आले. मग गीत थांबलं. नवलसिंग बोलत असणार. मी कान दिला. वारा होता, चिंचेचा पाला सळसळत होता, नाल्याचं पाणी वाजत होतं, आणि प्रार्थनाघराचं दार चिंचेकडे नव्हतंच, ते तिरकं होतं. आवाज सगळा पलीकडे, नाल्याच्या अंगाला जात होता. गुरं माना वर करायची ती त्या बाजूची. चिंचेखाली माणसाच्या बोलण्याचं काही पोचत नव्हतं. मला वाटलं, नवलसिंगचा आवाज कमी पडत असेल.

हिरीबाई तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली, पोरगी रडत होती म्हणून. मला तिथे पाहून थबकली आणि मग शेजारी बसली. तिला ती जागा नवी नव्हती. पोर रडलं की ती सासूजवळ येऊन बसायची.

"हिरी, नवलसिंगचं काही ऐकू येतं का गं इथे?"

"नाही मामा."

"माझं यायचं ना?"

ती पोरीला थोपटत राहिली. खोटं बोलावं की नाही, असं तिच्या मनात आलं असावं. "नाही मामा. इथे बोललेलं कधीच ऐकू येत नाही. गाणं येतं तेवढं."

"सहा वर्षं?"

"पहिल्यांदा बसल्या तेव्हाच मला म्हणाल्या होत्या, रेंग्याचं काही ऐकू येत नाही गं इथून."

"मग ती यायची कशाला?"

हिरीबाईनं दाराकडे बोट केलं. तिरक्या दाराच्या फटीतून आतली एक चिंचोळी पट्टी दिसत होती, जिथे उपदेशक उभा राहतो तिथली. नवलसिंगचा खांदा दिसत होता आणि हलणारा एक हात. "शेवटी तुम्ही आशीर्वाद द्यायला दोन्ही हात वर करता ना, ते इथून दिसतात. सासूबाई तेवढ्यावर लक्ष ठेवून असायच्या. हात वर झाले की डोळे मिटायच्या आणि डोकं खाली करायच्या. मग म्हणायच्या, झालं. मिळालं. आणि उठायच्या."

आत लोक उठायला लागले होते. नवलसिंगचे दोन हात त्या फटीत वर गेले. हिरीबाईनं डोळे मिटले. मी मिटू शकलो नाही. सहा वर्षं मी ते हात वर करत आलो, दर रविवारी, आणि दर वेळी माझं लक्ष पुढच्या चटईवर बसलेल्यांकडे असायचं. त्या झाडाकडे मी एकदाही पाहिलं नाही.